दुतोंड्या मारुती आणि शाळेची घंटा

पावसापाण्याचे एवढे जण आलात, बरं वाटलं. सुरुवात आपल्या नाशिकच्या गंगेपासूनच, म्हणजे गोदावरीपासूनच करतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर येतंच, पण घरात आपण काय विचारतो, दुतोंड्याच्या, म्हणजे नदीपात्रातल्या मारुतीच्या मूर्तीच्या, पाणी कुठवर लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, आणि पाणी कुठवर आलं की माल वर चढवायचा हे सराफ बाजारातल्या, भांडीबाजारातल्या दुकानदाराला पाठ असतं, त्यासाठी तो मीटिंग बोलावत नाही, कारण १९६९ चा पूर आजोबांनी सांगितलेला आणि २००८ चा स्वतः बघितलेला. म्हणजे निर्णय आधीच झालाय, फक्त मारुतीकडे बघायचं.

आता शाळेत या. आपल्याला वाटतं संकट आलं की लोक वेड्यासारखे पळत सुटतात. अमेरिकेत ओहायोला १९६३ साली आपत्तीत माणसं कशी वागतात याचाच अभ्यास करणारं केंद्र निघालं, क्वारंटेली नावाचे समाजशास्त्रज्ञ त्यात होते, त्यांना घटनेमागून घटनेत दिसलं की तशी घबराट फार क्वचित होते. उलट माणूस थांबतो. शेजाऱ्याला विचारतो, खरंय का हो? पिशवी शोधतो, फोन लावतो, आणि वेळ जातो तो तिथेच.

जपानमध्ये ओकावा म्हणून एक प्राथमिक शाळा होती, समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत, नदीच्या काठी. ११ मार्च २०११, दुपारी पावणेतीनला भूकंप झाला, मुलं मैदानात रांगेत आली, इथवर सगळं शिस्तीत. शाळेच्या मागे टेकडी, मुलांच्या रोजच्या ओळखीची. पण मुख्याध्यापक त्या दिवशी नव्हते, आणि टेकडीवर जायचं की नाही यावर मोठ्यांची चर्चा सुरू झाली, झाडं पडतील का, पोरं घसरतील का... पन्नासेक मिनिटं गेली हो. शेवटी निघाले तेही नदीवरच्या पुलाकडे, आणि त्सुनामीची लाट नदीतूनच वर आली. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पुढे कोर्टाने ठपका ठेवला तो यावर, की शाळेच्या आराखड्यात नेमकं कुठे पळायचं हे आधी लिहिलंच नव्हतं.

त्याच दिवशी जपानमध्येच कामाइशी शहरात मोठ्या शाळेतली मुलं कुणाची वाट न बघता पळत सुटली, शेजारच्या प्राथमिक शाळेतली पोरं तिसऱ्या मजल्यावर चढली होती, ती यांना बघून खाली उतरून मागे धावली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथेही थांबली नाहीत, अजून वर गेली. काताडा नावाचे प्राध्यापक कित्येक वर्षं या शाळांना शिकवत होते की लाट कुठवर येईल ते दाखवणाऱ्या नकाशावर विसंबू नका, आणि आधी तुम्ही पळा, तुम्हाला बघून बाकीचे पळतील. 'आधी तुम्ही पळा' हे आपल्याकडे वर्गात कोण शिकवेल सांगा! आपल्याकडे बाई म्हणतील तेव्हा उठायचं.

मी होतो त्या एका शाळेत मॉक ड्रिल झालं, नोटीस दोन दिवस आधी, सायरन ठरल्या वेळी, पोरं दप्तर आवरूनच बसलेली, फोटो निघाले. मागचं गेट मात्र उघडेना, किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा बँकेत गेलेले. अहवालात लिहिलं, यशस्वी. तो अहवाल मीच लिहिला, म्हणून हसा खुशाल.

गर्दीचंही तेच बघा. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, आपण पटकन म्हणतो लोकांनी धक्काबुक्की केली. अहो, एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली की पाय तुमचे राहत नाहीत, लाट नेईल तिकडे जायचं, त्यात घाबरट कोण आणि धीट कोण? रस्ता कधी बंद करायचा हे गर्दी व्हायच्या आत ठरलेलं पाहिजे. आणि २०२७ चा कुंभ तर आलाच आहे.

तर मुख्याध्यापक बाहेर असताना घंटा कोण वाजवणार, हे तुमच्या शाळेत आज कुणाला विचारून बघा. आमच्याकडे त्या ड्रिलनंतर ठराव झाला, धूर किंवा पाणी दिसलं तर सातवीतल्या पोरानेही वाजवावी, विचारायचं नाही. पहिल्याच महिन्यात एकाने गणिताच्या पेपरला वाजवली. सगळी शाळा चार मिनिटांत मैदानात. पोराला ओरडलो, पण मिनिटं मी लिहून ठेवली.