अंड्यावर आलेली शॅमेलिऑन
(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

घरात नर नाही, कधी आणलाही नाही, मग पोटात अंडी आली कुठून? शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळणारी माणसं बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, आणि प्रश्नामागे दुकानदाराविषयीचा संशय असतो. त्या बिचाऱ्याला जरा बाजूला ठेवू. कोंबडा नसला म्हणून कोंबडी अंडी द्यायची थांबते का? व्हेल्ड शॅमेलिऑनचंही तसंच. येमेन आणि सौदी अरेबियातली ही जात. मादी चार-सहा महिन्यांची झाली की वयात येते आणि नराचं तोंड न पाहताही अंडी तयार करते. ती फळणार नसतात, पण बाहेर यावीच लागतात. नाही आली तर ती मादीचा जीव घेऊनच जातात.

आपली मादीच आहे ना, हे आधी बघून घ्या. मागच्या पायाच्या टाचेवर नराला पिल्लू असल्यापासून बारीकसा काटा असतो, मादीला नसतो. नर म्हणून घेतलेला प्राणी वर्षाच्या आत अंड्यावर येतो, असं सर्रास घडतं.

अंड्यावर आलेली मादी रंगावरून बरीच कळते. अंगाचा हिरवा काळपट होत जातो, त्यावर पिवळे आणि निळसर ठिपके उठून दिसतात. कुशी फुगतात, कधी कातडीखाली गोट्यांसारखे उंचवटे जाणवतात. दाबून बघायचं नाही! आतलं अंडं फुटलं तर पोटात जंतुसंसर्ग होतो आणि मग माझ्या हातातही फारसं काही उरत नाही. दिवस भरत आले की ती खाणं कमी करते किंवा सोडते, पाणी मात्र पिते. आणि जी एरवी फांदी सोडत नाही, ती पिंजऱ्याच्या तळाशी फेऱ्या मारू लागते, कोपरे उकरते. ती जागा शोधत असते.

लोक इथे एक्स-रे काढायला धावतात. काढा, काही हरकत नाही. पण त्याआधी वाळूची बादली ठेवा. अंडी नसतील तर एक बादली फुकट गेली. अंडी असतील आणि बादली नसेल, तर मादी ती धरून ठेवते. माझ्याकडे अंडी अडलेल्या माद्या येतात, त्यांतल्या पुष्कळ जणींना आजार काहीच नसतो. त्यांना उकरायला जागा मिळालेली नसते.

बादली कशी हवी? किमान एक फूट खोल आणि तेवढीच रुंद, आरपार दिसणार नाही अशी. घरात रंगाची रिकामी मोठी बादली असते ना, ती घासून स्वच्छ केली तरी चालते. तळाला भोकं पाडा. आपल्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की वाळू वाळत नाही, तळाशी पाणी साचतं आणि कुजका वास सुटतो. वाळू नदीची, चाळलेली, गढूळपणा जाईपर्यंत धुतलेली. मिरामार किंवा कळंगुटच्या समुद्रकिनाऱ्यावरची वाळू पिशवी भरून आणू नका, त्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचे धारदार तुकडेही. बागेतली तांबडी माती वाळली की दगड होते, तीही नको. वाळूत थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलं तर उत्तम. ओल किती? बोट खुपसून बाहेर काढा. भोक तसंच राहिलं तर बरोबर, कडा ढासळल्या तर पाणी कमी, तळाशी पाणी दिसलं तर जास्त. तिला बोगदा खणायचा असतो आणि तो तिच्याच अंगावर कोसळता कामा नये. बादलीत उतरायला एक फांदी टेकवून ठेवा.

आता तिचं काम बघण्यासारखं असतं, आणि नेमकं तेच बघायचं नाही. ती डोकं आत घालून पुढच्या पायांनी उकरते. एखादी जागा अर्धी खणून सोडते, दुसरी धरते. बोगदा मनासारखा झाला की उलटी फिरते, शेपटीकडची बाजू आत आणि तोंड बाहेर. अंडी घालून झाली की वाळू ओढून भोक बुजवते, वरून पायांनी दाबते, आणि मातकट नाकाने फांदीवर परत चढते. या सगळ्यात एखादा दिवस सहज जातो, कधी जास्तही. मधे तिला कोणी दिसलं तर ती काम टाकते. म्हणून पिंजऱ्याच्या बाजू वर्तमानपत्राने झाका, मोबाईल खिशात ठेवा.

गोव्यात याची खरी परीक्षा चवथीला असते. पणजी-म्हापशातला फ्लॅट बंद करून माणसं पाच दिवस मूळ घरी जातात. काही जण पिंजराही बरोबर नेतात. तिथे पाहुण्यांची वर्दळ, फटाके, आरत्या, आणि दर दहा मिनिटांनी एक पोर "रंग बदलून दाखव" म्हणत समोर उभं. अशा घरात ती खणेल कशाला? पिंजरा हलवू नका. पाणी फवारायला शेजाऱ्याकडे किल्ली द्या, आणि वीज गेली तर दिवे परत लागलेत का, हेही त्यालाच बघायला सांगा.

दिव्यांवरून आठवलं. अंड्यांसाठी कॅल्शियम लागतं आणि ते अंगी लागायला यूव्हीबी प्रकाश, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग. खिडकीच्या काचेतून तो येत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन कसलं ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा सगळा भार पिंजऱ्यावरच्या यूव्हीबी ट्यूबवर. ती उजेड देत राहते, पण यूव्हीबी हळूहळू मरतो, म्हणून ठरलेल्या मुदतीत बदला. कॅल्शियम कमी पडलं की स्नायूंचा जोर जातो आणि अंडी अडतात.

अडली हे कसं ओळखायचं? दिवसा डोळे मिटलेले, डोळे खोल गेलेले, फांदीवरची पकड सुटलेली, तळाशी पडून कुंथणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय असलेल्या डॉक्टरकडे. कॅल्शियमचं इंजेक्शन, सलाईन, कधी शस्त्रक्रिया. घरी एरंडेल पाजणं, पोट चोळणं, असले उद्योग नकोत.

सुखरूप झालं तर मादी अगदी हडकुळी दिसते. तिला भरपूर वेळ पाणी फवारा, कॅल्शियम लावलेले किडे काही दिवस पोटभर द्या. नंतर मात्र हात आखडा. पाळीव मादीला साठ, ऐंशी, कधी त्याहून जास्त अंडी होतात, त्यामागे आपलं लाडाचं खाऊ घालणं आणि पिंजऱ्यातली जास्तीची उष्णता असते. मोठ्या मादीला एक दिवसाआड तीन-चार किडे आणि ऊन घ्यायच्या जागी सत्तावीस-अठ्ठावीस अंश एवढं पुरे. अंडी कमी होतात, आयुष्य वाढतं.

अंड्यांचं काय करायचं? नर कधीच जवळ आला नसेल तर ती पिवळी पडून सुरकुततात. पूर्वी कधी नराबरोबर राहिली असेल तर जपून, मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढची खेपही फळू शकते. फळलेल्या अंड्यांना सहा ते नऊ महिने लागतात, मग पन्नास पिल्लांना वेगळं करत जावं लागतं. शिवाय २०२४ च्या नियमांनुसार असे परदेशी प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवावे लागतात, पिल्लंसुद्धा. आपला देशी शॅमेलिऑन तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, रस्त्यात दिसला तरी घरी आणायचा नाही. पिल्लं नको असतील तर अंडी काढल्या काढल्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फेकून द्या. बादली मात्र काढू नका. वाळू बदलून, ओली करून तिथेच ठेवा, कारण पुढची खेप तीन-चार महिन्यांत येऊ शकते.