कोच जेव्हा प्राध्यापक झाला

मित्रहो, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण असतो? राज्यपाल नव्हे, मुख्य न्यायाधीशही नव्हे. राज्याच्या विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच. आपल्याकडे पीटीच्या सरांचा तास गणिताचे सर हक्काने मागून घेतात, त्यामुळे आपल्याला हे ऐकून गंमत वाटते. पण या प्रकाराची मुळं शोधत गेलं की १८९२ सालच्या एका नेमणुकीपाशी आपण पोचतो. नेमणूक झाली अमोस अलोन्झो स्टॅगची. नेमणारे होते नव्याने उभ्या राहणाऱ्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर.

स्टॅगचा जन्म १८६२चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील बूट शिवायचे, घरची परिस्थिती बेताचीच. येल विद्यापीठात आला तो पाद्री व्हायचं ठरवून. तिथे बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून त्याने असं नाव काढलं की व्यावसायिक संघ पैसे घेऊन दारात उभे राहिले. याने सगळ्यांना नकार दिला. धंदेवाईक बेसबॉलभोवती दारूचे गुत्ते होते आणि ती संगत त्याला नको होती. पैसा घेऊन खेळणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. हा नकार लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे. १८८९ साली अमेरिकेचा पहिला ‘ऑल-अमेरिका’ फुटबॉल संघ, म्हणजे कॉलेजांतल्या निवडक उत्तम खेळाडूंची यादी, जाहीर झाला, त्यातही तो होता. इथे फुटबॉल म्हणजे त्यांचा फुटबॉल. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी कबड्डीतल्यासारखी पकड करून पाडायचं.

पाद्री होण्यात अडचण एकच होती. व्यासपीठावर उभं राहिलं की याला बोलताच यायचं नाही. (इथे बसलेल्या काही संयोजकांना असे वक्ते परवडले असते!) मग तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत आला, धर्म आणि व्यायाम दोन्ही शिकवणाऱ्या जागी. तिथे त्याने जो फुटबॉल संघ उभा केला, त्यात मधल्या जागी खेळायचा जेम्स नेस्मिथ. हाच नेस्मिथ डिसेंबर १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या व्यायामशाळेत टांगून बास्केटबॉल शोधून काढणार होता. ११ मार्च १८९२ रोजी त्या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला, विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. विद्यार्थी ५-१ असे जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅगचा.

हार्पर येलमध्ये शिकवायचे, तिथून ते स्टॅगला ओळखत होते. तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशाने शिकागोत विद्यापीठ उभं राहत होतं. इमारतींचं बांधकाम चालू होतं आणि शेजारी १८९३च्या जागतिक प्रदर्शनाची तयारी. नव्या विद्यापीठाचं नाव लोकांच्या तोंडी कसं बसवायचं? हार्परनी स्टॅगला अडीच हजार डॉलर पगार, असोसिएट प्रोफेसरचं पद आणि कायमची नेमणूक देऊ केली. त्या काळी कोच म्हणजे एखाद्या हंगामापुरता बोलावलेला माजी खेळाडू. हा मात्र प्राध्यापक, त्याला स्वतःचं खातं आणि काढून टाकायची सोय नाही. माझ्या मते स्टॅगने शोधलेल्या सगळ्या डावपेचांपेक्षा हा एक करार जास्त महत्त्वाचा आहे. खेळाचा जमाखर्च विद्यापीठाच्या हिशेबात न मिसळता स्टॅगच्या हातात राहिला आणि तिकिटांचा पैसा येऊ लागल्यावर त्या हाताला वजन आलं. १८९४च्या डिसेंबरात तो संघ घेऊन कॅलिफोर्नियाला स्टॅनफर्डशी खेळायला गेला. आगगाडीने अर्धा देश ओलांडून, कॉलेजच्या पोरांच्या एका खेळासाठी!

मैदानावर हा माणूस शिवी देत नसे. चूक झाली की ‘गाढव’, मोठी चूक झाली की ‘दुहेरी गाढव’. एवढ्यावर काम भागायचं. पोरं त्याला पाठीमागे म्हातारबुवा म्हणत. पत्नी स्टेला सामन्याच्या वेळी कागदावर प्रत्येक चालीची नोंद करायची. पकडीच्या सरावासाठी बाहुला, पाठीवरचे नंबर, बेसबॉलच्या सरावाची जाळी अशा पुष्कळ गोष्टींचं श्रेय त्याला दिलं जातं. त्यातल्या काहींवर इतरांचाही हक्क आहे, त्यामुळे यादी लांबवत नाही.

बास्केटबॉलही सुटला नव्हता. १८९६च्या जानेवारीत त्याचा संघ आयोवा सिटीत खेळला. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू, एकही बदली नाही, शिकागो १५-१२ ने विजयी. पाच-पाचांचा हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानतात. पुढे १९१७ ते १९३० त्याने शिकागोत देशभरातल्या हायस्कुलांची बास्केटबॉल स्पर्धा भरवली. शाळकरी मुलांना एवढं लांब आणून खेळवणं शिक्षणाच्या कर्त्याधर्त्यांना खटकलं आणि ती बंद पडली.

आता १९०५. कोच फिल्डिंग योस्टचा मिशिगन विद्यापीठाचा संघ सलग ५६ सामने हरला नव्हता. त्या हंगामात त्यांनी ४९५ गुण केले होते आणि त्यांच्यावर कोणी एकही केला नव्हता. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी शिकागोत दोघे भिडले. बराच वेळ कोणाचंच खातं उघडेना. मग शिकागोच्या एकरसॉलने लांब किक मारली. मिशिगनच्या डेनी क्लार्कने चेंडू आपल्याच गोलरेषेच्या मागे घेतला, तिथेच टेकवायचा सोडून पळत पुढे आला आणि शिकागोवाल्यांनी त्याला ढकलत पुन्हा रेषेमागे नेऊन पाडलं. चेंडूवाला स्वतःच्याच गोलरेषेमागे पाडला गेला की ती सेफ्टी, समोरच्यांना दोन गुण. सामना २-०. वर्षभरात मिशिगनवर झालेले गुण तेवढेच दोन.

त्याच वर्षी एका नावाजलेल्या साप्ताहिकाने लिहिलं की पश्चिमेकडची विद्यापीठं खेळाडूंसाठी अभ्यासाचे नियम सैल करतात, आणि त्यात शिकागोचंही नाव होतं. पैशासाठी बेसबॉल न खेळलेला माणूस इथे वेगळ्या बाजूने दिसतो. तो ढोंगी होता असं मला वाटत नाही. स्वतःच्या खिशात पैसा गेला नाही म्हणजे आपलं मैदान स्वच्छ, अशी त्याची प्रामाणिक समजूत असावी. पण पंचवीस हजारांवर प्रेक्षक, स्वतंत्र हिशेब आणि हायस्कुलांतून खेळाडू हेरण्याची व्यवस्था हे सगळं त्यानेच उभं केलं.

१९३२ साली सत्तरी गाठली म्हणून विद्यापीठाने त्याला निवृत्त केलं. अध्यक्ष होते रॉबर्ट हचिन्स, खेळांच्या या पसाऱ्याबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. घरी बसण्याऐवजी म्हातारबुवा कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले. १९३८ साली तो संघ घेऊन ते शिकागोत, स्वतःचंच नाव असलेल्या स्टॅग फील्डवर उतरले आणि ३२-० ने जिंकले. १९३९च्या हंगामानंतर हचिन्सनी फुटबॉल बंदच केला. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच मैदानाच्या पश्चिम गॅलरीखाली एन्रिको फर्मींनी पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. पुढच्याच वर्षी, ८१व्या वर्षी, स्टॅग ‘कोच ऑफ द इयर’ ठरले. १९४६ नंतर मुलाबरोबर पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना, मग परत स्टॉक्टनला किक मारायला शिकवणं. थांबले ते नव्वदी ओलांडल्यावर आणि १९६५ साली १०२व्या वर्षी गेले. त्यांच्या ३१४ विजयांचा विक्रम १९८१ साली अलाबामाचा कोच बेअर ब्रायंटने मोडला.

शिकागोने १९६९ साली फुटबॉल पुन्हा सुरू केला आणि आज ते कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, आणि तिच्या अंतिम सामन्याला १९७३ पासून ‘स्टॅग बोल’ म्हणतात. विद्यापीठांच्या ज्या ‘बिग टेन’ क्रीडा संघटनेच्या स्थापनेत शिकागो होतं, तिच्याकडे आज टीव्हीचे अब्जावधी डॉलर येतात. २०११ पासून तिच्या फुटबॉल विजेत्याला मिळणारा चषकही स्टॅगच्याच नावाचा आहे.