चार फुटांच्या टेबलावरचा हिवाळा

मंडळी, चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव निघालं की पाठोपाठ पंजाब मेल येतेच. त्या गाडीने येणाऱ्या कुणाची तरी वाट पाहत दार उघडं ठेवणारा माणूस, ही गोष्ट खान्देशात सगळ्यांना पाठ आहे. आज ती बाजूला ठेवू. त्या गोष्टीमुळे झालं काय, की दाराकडे सगळ्यांनी पाहिलं आणि टेबलाकडे कुणी पाहिलंच नाही.

मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मृत्यू ३१ डिसेंबर १९८९ चा. इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट शिकले आणि परत येऊन स्टेशनजवळच्या घरातच राहिले. घराला नाव दिलं रेम्ब्रांचं, उजेड-सावलीसाठी ओळखल्या जाणाऱ्या डच चित्रकाराचं. चित्रं, मूर्तिकाम, लाकूडकाम, कागदाच्या घड्या, संगीत, पुस्तकं आणि फोटोग्राफी, एवढं सगळं एका माणसात. अशा माणसाला आपण ‘हरहुन्नरी’ म्हणतो आणि मोकळे होतो. पण हे सगळे हुन्नर एकाच वेळी कामाला लागतात अशी एक जागा आहे. ती म्हणजे टेबलटॉप फोटोग्राफी. टेबलावर खोटं जग मांडायचं आणि फोटोत ते खरं दिसलं पाहिजे. मूस यांचं नाव त्यासाठीही घेतलं जातं. ही कला प्रत्यक्ष करायला घेतली तर काय काय लागतं, ते आज पाहू.

समजा, बर्फात बुडालेलं गाव उभं करायचंय, तेही खान्देशात. टेबल चार फूट बाय अडीच फूट. आधी प्रमाण ठरवा, १:२० धरू. म्हणजे सहा फुटी माणूस नऊ सेंटिमीटरचा. आता उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६० सेंटिमीटरवर असतात, त्याचे झाले आठ. लेन्सचा मध्य टेबलापासून आठ सेंटिमीटरवरच हवा. नवशिक्यांचे दहापैकी नऊ फोटो इथेच फसतात. कॅमेरा आपल्या सोयीने फूटभर वर ठेवला, की त्या जगात तुम्ही सहा मीटर उंचीवरून, म्हणजे निंबाच्या शेंड्यावरून बघताय. मग गाव दिसत नाही, खेळणं दिसतं.

झाडांसाठी आपल्याकडे सोनं आहे: पऱ्हाटी. कपाशी वेचून झाली की बांधावर रचलेली असते ना, तीच. तिच्या टोकाच्या बारीक फांद्या पानगळ झालेल्या झाडासारख्या फुटतात. बोंडांची टरफलं मात्र एकूण एक तोडा. एक जरी राहिलं तर त्या झाडाला कलिंगडाएवढं फळ लागलेलं दिसेल. फांदी रोवायला प्लायवूडला तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. शाडूत खोचली तर शाडू वाळून तडकतो आणि बर्फाखाली दुष्काळ दिसायला लागतो. झोपडीच्या भिंती पोस्टकार्डाच्या. कागदाची घडी घालणारा हात इथे उपयोगी पडतो, कारण डिंकाचा ओघळ दिसला की संपलं. लाकूड वापरलंत तर त्याच्या रेषा वीसपट जाड दिसतात, म्हणून रंगाचा हात द्या.

बर्फ कशाचा? बहुतेक जण मिठाकडे धावतात. मिठाचा कण साधारण अर्धा मिलिमीटर. वीसने गुणा, एक सेंटिमीटरची खडी झाली. दूरवर चालते, पुढे चालत नाही. शिवाय पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की मीठ पाझरतं. पुढच्या भागाला मैदा बरा. तो हाताने टाकू नका, ढिगारे होतात. मलमलीच्या कापडात बांधून फूटभर उंचीवरून हळू झटकायचा. बर्फ पडतो तसाच तो फांदीच्या फक्त वरच्या अंगाला बसतो. आधी मागचं, शेवटी पुढचं. पावलं उमटवायला आगकाडीचं मागचं टोक. पंखा बंद ठेवा आणि श्वासही जपून घ्या. मे महिन्यात, भुसावळच्या उन्हात, पंखा बंद करून हिवाळा मांडायचा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको!

प्रकाशावर थोडा वेळ घालवू, कारण रेम्ब्रां इथे भेटतो. दिवा एकच. जगात सूर्य एक, चंद्र एक. दोन सावल्या पडल्या की खोटं उघडं पडतं. दिवा दोन फुटांवर ठेवला आणि देखावा दोन फूट खोल असला, तर मागच्या टोकाला पुढच्याच्या चौथा हिस्सा उजेड पोचतो. सहा फुटांवर नेला तर निम्म्याहून थोडा जास्त पोचतो. सावलीची कडही जुळली पाहिजे. आकाशात सूर्य अर्ध्या अंशाएवढा दिसतो, चंद्रही तेवढाच. सहा फुटांवर अर्धा अंश म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर. दुधी बल्बपुढे काळा पुठ्ठा धरून त्याला दीड सेंटिमीटरचं भोक पाडलं, की तुमचा चंद्र तयार.

आता फोकस. ५० मिलिमीटरची लेन्स, ३५ मिलिमीटरची फिल्म, एफ २२ म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलेलं, फोकस ७० सेंटिमीटरवर. तरीही स्पष्ट दिसतं ते साधारण ६० ते ८५ सेंटिमीटरपर्यंतच. म्हणजे वीतभर, फार तर थोडं जास्त. त्यात अख्खं गाव बसवायचं तर मागची घरं निम्म्या मापाची करायची, १:४० ची. चित्रकाराला हे शिकवावं लागत नाही. त्यामागचं धुरकट झालं तर धुकं म्हणून खपतं.

एफ २२ आणि भोकातून येणारा उजेड म्हणजे एक्स्पोजर, फिल्मवर उजेड पडू देण्याचा वेळ, लांबणार. जुन्या फिल्मचा एक हट्ट असतो: कमी उजेडात ती आळसावते. कोडॅकच्या ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मला उजेड मोजणाऱ्या मीटरने १ सेकंद सांगितला तर २ द्यावे लागतात, १० ला ५०, आणि १०० ला १२००, म्हणजे २० मिनिटं. डिजिटलला हा त्रास नाही. अंधारात पन्नास सेकंद मोजायला संगीत शिकलेल्याला घड्याळ लागत नाही. सेकंदाला एक मात्रा धरून तीनतालाची तीन आवर्तनं केली की अठ्ठेचाळीस होतात.

पण वीस मिनिटांत रुळांजवळच्या घरात गाडी जातेच. मालगाडी असेल तर टेबल थरथरतं आणि मैदा फांदीवरून घसरतो. टोपण लेन्सवर ठेवा, गाडी जाऊ द्या, मग उरलेली मिनिटं पुरी करा. फक्त लेन्सला धक्का लागता कामा नये.

पाणी आणि आग मात्र या टेबलावर आणू नका. पाण्याचा थेंब वीसपट लहान होत नाही, तो जेवढा असतो तेवढाच राहतो. नदी हवी तर काळ्या कागदावर काच ठेवा.

निगेटिव्ह धुऊन पाहिल्याशिवाय टेबल आवरायचं नाही. एखादी सावली चुकलेली निघतेच, आणि तीच मांडणी पुन्हा होत नाही. तोवर रात्रभर मैद्याला मुंग्या लागू नयेत म्हणून टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या.