आधी छपरी, मग वर्ग: नागपूरच्या जुन्या हायस्कुलांची गोष्ट

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातली गर्दी, मग शाळेचं फाटक)

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली नागपुरात शाळा काढली, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, १८६७ मध्ये रेल्वे आली. कचेऱ्या वाढल्या, लिहिता-वाचता कारकून लागू लागला. हायस्कुलं या निकडीतून उभी राहिली.

(दृश्य: जुना वर्ग, आतून)

त्या काळच्या बांधणीचा हा वर्ग. जोतं काळ्या दगडाचं, भिंत चांगली जाड, चुन्यात बांधलेली. छप्पर उंच, वर कवेलू, म्हणजे कौलं. दाराच्या माथ्याशी झरोके, गरम हवा वर चढून तिथूनच बाहेर पडते. आणि बाहेर लांबलचक छपरी, म्हणजे छप्पर असलेला व्हरांडा, म्हणून भिंतीला ऊन थेट लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो असं हे गाव. विदर्भातल्या शाळा आजही बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. ज्या गवंड्यांनी पंख्याविना चालणारे असे वर्ग बांधले, त्यांची नावं कुठल्याच कोनशिलेवर नाहीत, याचं वाईट वाटतं.

(दृश्य: बुजवलेली कमान, जवळून)

पुढं पोरं वाढली. आधी सकाळपाळी-दुपारपाळी करून भागवलं. तेही पुरेना, तेव्हा छपरीच्या कमानी विटांनी बुजवून वर्ग काढले. कमानीची गोलाई भिंतीत अजून दिसते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, ओल आत कोंडली, म्हणून इथले पोपडे दर पावसाळ्यानंतर सुटतात. आणि छपरी गेली तशी मागच्या खोलीची हवाही गेली.

१९७५ मध्ये दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला. अकरावी-बारावीसाठी खोल्या हव्या, प्रयोगशाळा हव्या. जागा तर तेवढीच. मग स्लॅबचे मजले चढले.

(दृश्य: वरचा मजला, फिरता पंखा)

स्लॅब दिवसभर तापते आणि सांज झाली तरी धग सोडत राहते. एप्रिलमध्ये इथला पंखा गरम हवाच फिरवतो. खालच्या जुन्या वर्गात त्याच वेळी मुलं निवांत गणितं सोडवत असतात.

शाळा वाढायलाच हवी, मुलांना जागा हवीच. पण नव्या इमारतीलाही रुंद छपरी द्या, पश्चिमेचं ऊन अडवा, बुजवलेल्या कमानी मोकळ्या करा. नकाशा काढणाऱ्यानं त्याआधी एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता, दोन्ही वर्गांत तासभर बसून यावं.