लेकराच्या हृदयाला होल आहे

(दृश्य: शेळगीतली एक गल्ली, सकाळ. दोरीवर वाळणारी दुपटी. उंबऱ्यात शिवणयंत्र. चेहरे नाहीत.)

हे घर सोलापूरच्या शेळगीतलं. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. आई घरीच ब्लाउज शिवते. मुलगी अकरा महिन्यांची. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये जो पडदा असतो, त्याला तीन मिलिमीटरचं छिद्र आहे. डॉक्टर व्हीएसडी म्हणतात. घरात, गल्लीत, रिक्षात सगळे म्हणतात, 'होल'.

नाव घ्यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, या अटीवर त्यांनी आम्हाला आत घेतलं. का, म्हणून विचारलं तर आजी म्हणाल्या, "पोरीची जात हाय. उद्या लग्नाच्या टायमाला कुणीतरी हेच काढून बसतंय."

अकरा महिन्यांच्या लेकराच्या लग्नाची काळजी! पण आजींना दोष द्यायला जीभ वळत नाही. त्यांनी असं घडताना पाहिलेलं आहे.

(दृश्य: लसीकरणाचं कार्ड, वजनाच्या नोंदींवर फिरणारं बोट.)

बाळ जन्मलं तेव्हा सगळं ठीक होतं. वजन चांगलं, रडणं चांगलं. दीड महिन्याच्या लसीला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी छातीवर ठेवलेला स्टेथोस्कोप लवकर उचललाच नाही. घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला तो हाच, की जन्मल्यावर कुणी नीट बघितलं नव्हतं का?

बघितलं होतं. पण आईच्या पोटात बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्यांतला दाब जास्त असतो, आणि जन्मानंतर तो हळूहळू उतरत जातो. जोवर हृदयाच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा असतो, तोवर छिद्रातून रक्त फारसं वाहतच नाही. वाहिलं नाही तर आवाज कसा येणार? दाब उतरला की डावीकडचं रक्त उजवीकडे जोरात शिरतं आणि ठोक्यांसोबत एक जादा सरसर आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू येते. म्हणून काही बाळांचं निदान काही दिवसांनी, काही आठवड्यांनी होतं. यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही.

आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं वडिलांना वाटलं होतं. खरं बऱ्याचदा उलटं असतं. पाणी सोडतात त्या दिवशी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार कशी सणसणते, तसंच छोट्या छिद्रातून रक्त आवाज करत जातं. आईला तर दूध पाजताना तळहाताला बाळाच्या छातीची थरथर जाणवायची. दोन्ही गोष्टी एकाच छिद्राच्या. १८७९ साली आंरी रोजे या फ्रेंच डॉक्टरांनी याचं वर्णन करून ठेवलंय: मर्मर जोरदार, पण बाकी माणूस ठणठणीत.

(दृश्य: टूडी इकोच्या पडद्यावरचे लाल-निळे रंग. बाळाची चिमुकली मूठ.)

इको म्हणजे सोनोग्राफीचाच प्रकार. सुई नाही, दुखणं नाही. बाळ शांत हवं, म्हणून आईने बाहेर बाकावर पाजलं आणि झोपेतच तिला आत नेलं. छातीवर गार जेल लागल्याबरोबर पायाची बोटं आखडली, पण झोप मोडली नाही. पडद्यावर लाल आणि निळे पट्टे हलायला लागले. वडिलांनी हळूच विचारलं, "निळं म्हंजे खराब रक्त का ओ?" तसं नसतं. पडद्यावरचा रंग फक्त दिशा सांगतो: यंत्राकडे येणारं रक्त लाल दिसतं, लांब जाणारं निळं. आणि हृदयाच्या पडद्यातल्या त्या बारीक जागी, जिथून रक्त वेगाने सुटत होतं, तिथे रंगांचा नुसता चुरा.

छिद्र स्नायूच्या भागात होतं. अशी बारीक छिद्रं पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. जी बुजत नाहीत त्यांतलीही कितीतरी आयुष्यभर त्रास देत नाहीत. मोठं छिद्र असलं तर गोष्ट वेगळी. तिथे औषधं लागतात, कधी शस्त्रक्रिया लागते. छिद्र महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, झडपेजवळ असेल तर ते छोटं असूनही बारकाईने बघत राहावं लागतं, कारण झडपेची पाकळी तिकडे ओढली जाऊ शकते. म्हणून 'छोटं आहे' एवढं ऐकून फाईल कपाटात टाकून चालत नाही. कुठे आहे, हेही डॉक्टरांना विचारायचं.

(दृश्य: आईचे हात, शिवणयंत्राच्या चाकावर थांबलेले.)

इको झाला त्याच आठवड्यात घरी येऊन कुणीतरी म्हणालं, ग्रहणात भाजी चिरली असणार. त्या रात्री आई जेवली नाही. हे निवेदन लिहिताना मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आला. हृदय घडतं ते गर्भधारणेच्या पहिल्या आठ आठवड्यांत. बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेलेत हेसुद्धा नुकतंच कळलेलं असतं. जगात हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयातला काही ना काही दोष घेऊन जन्मतात, आणि त्यांत व्हीएसडी सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी. आईला मधुमेह असेल, काही विशिष्ट औषधं चालू असतील, जवळच्या नात्यात लग्न झालेलं असेल, तर शक्यता थोडी वाढते. बहुतेक वेळा मात्र बोट दाखवायला एकही कारण सापडत नाही. विळीचा आणि ग्रहणाचा इथे काडीचा संबंध नाही.

(दृश्य: झोपलेल्या बाळाचं खालीवर होणारं पोट. मागे भिंतीवरचं घड्याळ.)

डॉक्टरांनी आईला घरी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. पहिली, श्वास. बाळ झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून जास्त भरले, तर थेट दवाखाना. दुसरी, दूध. दोन घोट घेऊन दमतंय का, पिता पिता कपाळावर घाम फुटतोय का? सोलापूरचा एप्रिल-मे आला की हे ओळखणं अवघड, कारण घरात सगळेच निथळत असतात. आईने त्यावर उपाय काढला. पहाटे, गारव्यात पाजताना बघायचं. तिसरी, वजन. ते कार्डावर चढतं राहिलं पाहिजे. ओठ-जीभ निळसर दिसली, बाळ दूध ओढेनासं झालं, तर मात्र मोजत बसायचं नाही. रात्र असो की गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, तसंच निघायचं.

या लेकराला यातलं काहीच झालं नाही. तिचं अडलं दुसरीकडेच. "रडवू नका गं तिला, जोर पडंल," असं म्हणत आजींनी तिला खाली ठेवलंच नाही. ती मांडीवरून कडेवर, कडेवरून झोळीत. आठवा महिना लागला तरी पोरगी पालथी पडेना. डॉक्टर आजींकडे वळून म्हणाले, "आजी, हिला सतरंजीवर सोडा. रडली तर रडू द्या. हिचं हृदय तेवढं रडणं झेपवतंय." आजींनी दोन दिवस तोंड फुगवलं. मग स्वतःच सतरंजी अंथरली आणि लांबून खुळखुळा वाजवत बसल्या. आता ती उंबऱ्यापर्यंत रांगते. लसी सगळ्या वेळेवर झाल्यात. भरवताना वरणभात, केळं, सगळं चालतं. वेगळं पथ्य नाही.

(दृश्य: अंगणवाडीची भिंत. तक्त्यावर मुलांच्या वजनाच्या नोंदी.)

होल लपवायचं, हा आजींचा हट्ट अजून पुरता सुटलेला नाही. पण अंगणवाडीत आईने सांगून टाकलं, आणि बरं केलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, जन्मतः असलेले दोष शोधतं, आणि गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवून उपचारांची मोफत सोय होते. ह्यात शून्यापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात. सरकारी आणि अनुदानित शाळेतली मुलंसुद्धा. पण पथकापुढे फाईलच आली नाही तर ते बिचारे काय करणार? आणि लग्नाचं म्हणाल, तर छोट्या होलची मुलगी पळते, शिकते, पुढे बाळंतपणही बहुधा नेहमीसारखंच होतं. हे आम्ही आजींना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं. त्या "बघू" म्हणाल्या.

पुढचं मूल हवं असेल तर पुन्हा दोष येण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. पाचव्या महिन्याच्या सुमाराला गर्भाच्या हृदयाचा इको करून घेता येतो. आईने हे वहीत लिहून ठेवलंय.

(दृश्य: आईच्या बोटाला गुंडाळलेलं ओलं मऊ फडकं.)

मुलीला खालचे दोन दात आलेत. दात किडले, हिरड्या सुजल्या की तिथले जंतू रक्तात उतरतात आणि छिद्राच्या आसपास घर करू शकतात. हा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर. म्हणून दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. रोज रात्री आई तिचे ते दोन दात पुसते. पोरगी बोट चावते, आई ओरडते, आजी आतून विचारतात, "काय झालं?" पुढचा इको दिवाळीनंतर आहे. दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्या वाढदिवसाच्या आत जायचं ठरलंय.