मोजक्यांचा गाफीलपणा आणि सर्वांचे आकाश

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावच्या धावपट्टीवरून, स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या चार आसनी विमानातून कोणी उड्डाण करतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नाही. हवा स्वच्छ असेल आणि वाटेत गजबजलेले हवाई क्षेत्र लागत नसेल, तर फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा आराखडा, दाखल करण्याची सक्ती नाही, नियंत्रकाशी बोलण्याची सक्ती नाही, कुठे निघालो हे कोणाला कळवण्याचीही सक्ती नाही. त्या देशात सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यांपैकी नियंत्रण मनोरा असलेले ५०० च्या आसपास. उरलेल्या ठिकाणी वैमानिक ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते सांगतात, एकमेकांवर नजर ठेवतात आणि पाळीपाळीने उतरतात. आपल्याकडे जुहूहून निघायचे तर साधारणतः आधी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक हाती यावा लागतो. त्याशिवाय विमान हलत नाही. म्हणून आजच्या विषयासाठी मी उदाहरणे अमेरिकेची घेतली आहेत. जिथे मोकळीक मोठी आहे, तिथेच ती कशी आक्रसत जाते हे नीट दिसते.

ही मोकळीक उभी आहे ती एका गृहीतकावर. प्रत्येक परवानाधारक नकाशा पाहून निघेल, कोणते क्षेत्र कुठे सुरू होते हे त्याला ठाऊक असेल आणि कोणी पाहत नसतानाही तो त्या रेषेबाहेर राहील, असे सरकार धरून चालते. हे गृहीतक बहुतांश वैमानिक खरे करून दाखवतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे. नियम मोडणारा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुलाखालून विमान नेणारा एखादा बहाद्दर येतो. मला आज असे मांडायचे आहे की, खासगी उड्डाणाच्या स्वातंत्र्याला त्या बहाद्दरापेक्षा गाफील माणूस कितीतरी महाग पडला आहे.

३१ ऑगस्ट १९८६ चे उदाहरण घेऊ. रविवार होता. लॉस एंजेलिसजवळच्या टॉरेन्स विमानतळावरून एक लहान पायपर विमान बिग बेअरकडे निघाले. आत वैमानिक आणि त्याच्या कुटुंबातले दोघे. त्याच वेळी मेक्सिकोहून आलेले एरोमेक्सिकोचे डीसी-९ हे प्रवासी जेट लॉस एंजेलिसला उतरण्यासाठी खाली येत होते. मोठ्या विमानतळाभोवती जे राखीव क्षेत्र असते, त्यात परवानगीवाचून शिरायचे नाही असा नियम तेव्हाही होता. पायपर त्यात शिरले. वैमानिकाने हे जाणूनबुजून केले असे मानायला काहीही आधार नाही. चौकशीचा निष्कर्षही अनवधानाचाच आहे. त्याच्या विमानात ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपोआप संकेत पाठवणारे यंत्र, होता, पण तो उंची सांगणारा नव्हता, त्यामुळे रडारच्या पडद्यावर ठिपका उमटला असता तरी तो कोणत्या उंचीवर आहे हे कळण्याची सोय नव्हती. सुमारे ६,५०० फुटांवर दोन्ही विमाने धडकली आणि डीसी-९ सेरिटोस या उपनगरातल्या घरांवर कोसळले. डीसी-९ मधले ६४, पायपरमधले ३ आणि जमिनीवरचे १५, असे ८२ जण गेले.

या दुर्घटनेतला एक तपशील मला फार बोलका वाटतो, आणि तो क्वचितच सांगितला जातो. धडकेच्या सुमारास नियंत्रक एका तिसऱ्याच विमानाशी बोलत होता. तेही लहान, खासगी, आणि तेही परवानगी न घेता त्याच राखीव क्षेत्रात शिरलेले. तुम्ही राखीव क्षेत्राच्या मधोमध आहात, पुढच्या वेळी नकाशा बघत जा, अशा अर्थाची समज तो त्या वैमानिकाला देत होता. म्हणजे एकाच क्षेत्रात, काही मिनिटांच्या अंतराने, दोन वैमानिक तीच चूक करत होते. एकाची चूक निस्तरताना दुसऱ्याची नजरेआड झाली.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दोष सगळाच लहान विमानाच्या माथी मारला नाही. नियंत्रण व्यवस्थेच्या मर्यादा हे मुख्य कारण आणि पायपरचा विनापरवानगी प्रवेश हे त्याला हातभार लावणारे कारण, असे त्यांनी म्हटले. पण नियम करणाऱ्यांना असे बारकावे परवडत नाहीत. १ जुलै १९८९ पासून मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या वर्तुळात, जमिनीपासून १०,००० फुटांपर्यंत, उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर बंधनकारक झाला. विद्युत यंत्रणाच नसलेली जुनी विमाने तेवढी सुटली. ज्याचे विमान विमानतळापासून २५ मैलांवरच्या शेतातल्या धावपट्टीवर उभे होते आणि जो राखीव क्षेत्राच्या वाऱ्यालाही कधी गेला नव्हता, त्यालाही खिशातून पैसे काढून ते यंत्र बसवावे लागले. हा नियम योग्य होता असे माझे मत आहे. त्याच्या जोडीने मोठ्या प्रवासी विमानांत धडक टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि त्या दोहोंनी मिळून असंख्य जीव वाचवले. तरीही खर्च कोणी केला आणि चूक कोणाची होती, हे दोन प्रश्न एकाच माणसापाशी पोहोचत नाहीत, एवढे लक्षात ठेवू.

दुसरे प्रकरण वॉशिंग्टनचे. ११ सप्टेंबर २००१ नंतर राजधानीभोवतीचे आकाश जवळपास बंदच झाले आणि २००३ मध्ये तिथे ओळख पटवण्याचे एक विस्तीर्ण क्षेत्र आखले गेले: आत यायचे तर फ्लाइट प्लॅन, ट्रान्सपॉन्डरवर त्या विमानापुरता दिलेला वेगळा संकेतांक आणि नियंत्रकाशी सतत संपर्क. हा तात्पुरता उपाय आहे असेच तेव्हा सांगितले गेले होते. वैमानिकांच्या संघटनांना आशा होती की, वातावरण निवळले की क्षेत्र आक्रसेल. पण सप्टेंबर २००१ ते २००४ अखेरपर्यंत देशभरात निर्बंधित क्षेत्रात शिरण्याच्या सुमारे ३,४०० घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ८८ टक्के खासगी किंवा तत्सम लहान विमानांच्या होत्या. यात दहशतवादी कोणी नव्हता. नकाशा जुना, वारा अंदाजापेक्षा जोराचा, नव्या निर्बंधाची सूचना वाचायची राहून गेलेली, असली कारणे.

मग ११ मे २००५ ची दुपार आली. पेनसिल्व्हेनियातल्या स्मोकटाउनहून नॉर्थ कॅरोलिनाला निघालेले, दोन आसनांचे एक सेसना १५० वाट चुकून थेट राजधानीच्या दिशेने आले. आत एक परवानाधारक वैमानिक आणि एक शिकाऊ. व्हाइट हाउस, संसद आणि सर्वोच्च न्यायालय रिकामे करण्यात आले. लोक पायऱ्यांवरून धावत असल्याची दृश्ये जगभर दिसली. हेलिकॉप्टर आणि एफ-१६ विमाने झेपावली. सेसना व्हाइट हाउसपासून अवघ्या तीनेक मैलांवर असताना वळले आणि त्याला मेरीलँडमधल्या फ्रेडरिकला उतरवण्यात आले. परवानाधारकाचा परवाना तातडीने रद्द झाला. त्याच वर्षी उन्हाळ्यात ते तात्पुरते क्षेत्र कायम करण्याचा प्रस्ताव आला. त्यावर २०,००० हून अधिक हरकती आणि सूचना आल्या, बहुतेक विरोधातल्या, आणि तरी फेब्रुवारी २००९ मध्ये ते कायम झाले. आज वॉशिंग्टनच्या ६० सागरी मैलांच्या आत नजरेच्या आधाराने उडणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला त्यासाठीचे खास प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे लागते.

याचा चटका सर्वांत जास्त बसला तो राजधानीला अगदी खेटून असलेल्या मेरीलँडमधल्या तीन लहान विमानतळांना. त्यांतले कॉलेज पार्क हे सलग वापरात असलेले जगातले सर्वांत जुने विमानतळ. १९०९ मध्ये विल्बर राइटने अमेरिकन लष्कराच्या अधिकाऱ्यांना तिथे विमान चालवायला शिकवले. तिथून उडायचे तर आता बोटांचे ठसे द्यावे लागतात, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मग स्वतःचा गुप्त क्रमांक मिळतो. गावच्या धावपट्टीवर सहज डोकावून जाण्याचा प्रकार तिथे संपला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी वैमानिकांची यावर तक्रार असते आणि ती सपशेल चुकीची नाही. १९९४ मध्ये ज्याने सेसना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आणून आदळले, त्याने ते विमान चोरले होते. कोणत्याही फ्लाइट प्लॅनच्या सक्तीने तो थांबला नसता. एप्रिल २०१५ मध्ये एका टपाल कर्मचाऱ्याने निवडणुकीतल्या पैशाच्या निषेधार्थ गायरोकॉप्टर (हेलिकॉप्टरसारखे पाते असलेले छोटे विमान) संसदेच्या हिरवळीवर उतरवले, तेव्हा सारे निर्बंध जागच्या जागी होते आणि त्यांचा काही उपयोग झाला नाही. हा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे, पण तो कधी जिंकत नाही. याचे कारण, माझ्या मते, असे की निर्बंध कायम करताना सरकारपुढे ठेवली जाणारी आकडेवारी चोराची नसते. ती नकाशा न पाहता निघालेल्या शेकडो सभ्य गृहस्थांची असते आणि त्या आकडेवारीपुढे संघटनेच्या वकिलाला मान खाली घालावी लागते.

याउलट जाणूनबुजून केलेल्या बेशिस्तीचे काय होते ते पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात एका यूट्यूबरने आपले जुने टेलरक्राफ्ट विमान हवेत सोडून पॅराशूटने उडी मारली, चित्रफीत टाकली आणि पुढे अवशेष गुपचूप नष्ट केले. त्याचा परवाना रद्द झाला आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. एप्रिल २०२२ मध्ये ॲरिझोनात दोन वैमानिकांनी हवेतच विमानांची अदलाबदल करण्याचा प्रयोग, हवाई प्रशासनाने नियमांतून सूट नाकारली असतानाही, केला. त्यांचेही परवाने गेले. गवगवा प्रचंड झाला. इतर वैमानिकांवर मात्र एकही नवे बंधन आले नाही, कारण बेपर्वा उड्डाणाला मनाई करणारा नियम आधीच होता आणि दोषी माणसे समोर उभी होती. (अशा चित्रफितींखाली या लोकांनी आपले नाक कापले म्हणून हळहळणारे कित्येक वैमानिक स्वतः मात्र निघण्यापूर्वी निर्बंधांच्या सूचना वाचायचा कंटाळा करतात, असा माझा दाट संशय आहे.)

म्हणून गाफीलपणावर इलाज काय, हा खरा प्रश्न. शिक्षेची भीती वाढवली की माणूस चूक लपवतो आणि लपवलेल्या चुकीतून कोणी शिकत नाही. अमेरिकेने १९७६ मध्ये यावर एक चतुर तोड काढली. आपल्या हातून नियम मोडला गेला असे लक्षात आल्यावर वैमानिकाने दहा दिवसांच्या आत लेखी कळवायचे. पण कळवायचे ते परवाना काढून घेऊ शकणाऱ्या हवाई प्रशासनाला नाही, तर नासाला. नासा नाव काढून टाकते आणि मजकूर अभ्यासाला ठेवते. चूक अजाणतेपणी झालेली असेल, त्यात गुन्हा किंवा अपघात नसेल, तर उल्लंघनाची नोंद झाली तरी शिक्षा माफ होते. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला ही सवलत नाही. त्या लाखो अहवालांतून कोणता नकाशा गोंधळात टाकतो, कोणत्या वळणावर वैमानिक रेषा ओलांडतात, हे कळते आणि माणसाआधी नकाशा दुरुस्त करता येतो. वैमानिकांची मोकळीक टिकवण्याचे काम या रूक्ष अर्जाने कोणत्याही मोर्चापेक्षा जास्त केले आहे, असे मी मानतो.

आपल्याकडे खासगी विमाने थोडी, पण हाच प्रश्न ड्रोनच्या रूपाने दारात आला आहे. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. त्यानंतर केंद्राचे नियम आवळले जातील असे अनेकांना वाटले; प्रत्यक्षात दोनच महिन्यांनी आलेल्या ड्रोन नियमांनी ते सैल केले. विमानतळाभोवतीचे परवानगीचे क्षेत्र ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आले आणि नकाशावर हिरव्या, म्हणजे उड्डाणाला खुल्या, क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज उरली नाही. हल्लेखोर परवानगी मागायला येत नाही, हे इथे सरकारने मान्य केले असे म्हणता येईल. पण मुंबईचे पोलीस सणासुदीला आणि एरवीही ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर मनाई आदेश काढतात आणि तो आदेश नोंदणी केलेल्या, क्षेत्र तपासून उडवणाऱ्या छायाचित्रकारालाही तितकाच लागू असतो. लग्नाच्या मांडवावरून, मिरवणुकीच्या गर्दीवरून, नकाशाचे ॲप न उघडता ड्रोन उडवणारे जोवर पोलिसांना दर मोसमात सापडत राहतील, तोवर त्या छायाचित्रकाराची बाजू मांडायला उभ्या राहणाऱ्याच्या हातात दाखवण्याजोगे फारसे काही नसेल.