हाताची नर्व्ह तुटते तेव्हा टेबलावर काय काय लागतं

मंडळी, ट्रे पुढे पुढे पाठवा, बघा निवांत, फक्त हत्यारांच्या टोकांना बोट लावू नका. मी जळगावात ऑपरेशन थेटरला सिस्टर आहे, हाताच्या केसेसना सर्जनसमोर उभं राहून हत्यारं द्यायची, मोजायची, धुवायची हे माझं काम. नर्व्हबद्दल, म्हणजे मज्जातंतूबद्दल, डॉक्टर लोक बोलतातच, मी हत्यारांच्या बाजूने बोलणार आहे, कारण ही हत्यारं नीट बघितली की नर्व्हला काय सोसतं आणि काय नाही ते आपोआप कळतं.

सगळे म्हणतात नर्व्ह म्हणजे वायर, तुटली की जोडायची. दिसायला तसंच आहे, वरून एक आवरण आणि आत बारीक बारीक जुड्या, प्रत्येक जुडीत हजारो तंतू. पण वायर जोडली की करंट लगेच चालू होतो, नर्व्हचं तसं नाही. तुटल्यावर पुढचा तुकडा मरतो, ते ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून दाखवलं होतं. तंतूची मूळ पेशी वर मणक्याजवळ असते, ती जिवंत असेल तर तिथून नवीन तंतू वाढत खाली येतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे सर्जन काही नर्व्ह वाढवत नाही. तो दोन टोकं समोरासमोर नीट आणून ठेवतो आणि वाढायचं काम शरीर करतं, ट्रेमधलं प्रत्येक हत्यार एवढ्या एका कामासाठी आहे.

सगळ्यात आधी मायक्रोस्कोप, तो इथे आणता आला नाही. झाइस कंपनीचा ऑपरेशनचा मायक्रोस्कोप १९५३ मध्ये आला आणि १९६० मध्ये अमेरिकेत जेकबसन आणि सुआरेझ या सर्जननी त्याच्याखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या, त्यानंतर हे शास्त्र पळायला लागलं. आता हा चिमटा बघा, नंबर पाच. हा मुळात घड्याळजींचा चिमटा आहे, आपल्या सराफ बाजारात बारीक कामाला वापरतात त्याच जातीचा, सर्जननी तो तिथूनच उचलला. ही सुई धरायची पकड, हिला स्प्रिंग आहे पण लॉक नाही. मोठ्या सर्जरीतल्या पकडीला लॉक असतं, कट् करून बसतं, पण मायक्रोस्कोपखाली तो कट् म्हणजे भूकंप, सुई नर्व्हमधून फाडून निघेल म्हणून लॉकच काढून टाकलं. धागा नायलॉनचा, मोठ्या नर्व्हला एट-झिरो किंवा नाईन-झिरो, बोटातल्याला नाईन नाहीतर टेन-झिरो, आकडा वाढला की धागा बारीक. टेन-झिरो धागा २० ते २९ मायक्रॉन जाडीचा, डोक्याचा केस त्याच्या दोन-तीन पट जाड असतो. हा धागा जमिनीवर पडला तर सापडत नाही, म्हणून आम्ही सुई कापडावर कधीच ठेवत नाही, नर्व्हच्या खाली निळ्या किंवा हिरव्या रबराचा तुकडा सरकवतो त्यावर धागा उठून दिसतो. तो तुकडा काही वेळा स्टराइल ग्लोव्हचाच कापून घेतलेला असतो, काम तेवढंच चांगलं होतं.

रक्त थांबवायला कॉटरी लागते, म्हणजे करंटने रक्तवाहिनी भाजून बंद करायचं यंत्र, इथे त्यातली बायपोलर वापरतात, त्याच्या चिमट्याच्या दोन टोकांमध्येच करंट फिरतो, साध्या कॉटरीचा करंट आजूबाजूला पसरून नर्व्ह भाजू शकतो. आणि हे छोटं यंत्र स्टिम्युलेटर, नर्व्हला हलका करंट देऊन कुठला स्नायू हलतो ते बघायचं. पण दंडाला टूर्निके, म्हणजे रक्त अडवायचा पट्टा, बांधून अर्धा तास झाला की त्याच्यावर फार विश्वास ठेवता येत नाही, रक्त नसलं की चांगली नर्व्हसुद्धा उत्तर देत नाही, म्हणून ते काम सुरुवातीलाच उरकून घ्यायचं.

आता खरं काम. तुटलेलं टोक चेचलेलं, काळपट असतं, ते तसंच जोडून उपयोग नाही. लाकडी पट्टीवर नर्व्ह ठेवून नवीन ब्लेडने मिलिमीटर-मिलिमीटरचे काप काढायचे, पहिल्या कापात नुसता पांढरट कडक गोळा दिसतो, दुसऱ्यातही तेच, मग एका कापाला आतल्या जुड्या एकदम टपोऱ्या होऊन बाहेर येतात, पिवळसर, चमकदार, आणि बारीक रक्ताचे थेंब फुटतात. ते दिसलं की सर्जन थांबतात. मग आवरणावरच्या बारीक रक्तवाहिनीची रेघ वरच्या आणि खालच्या तुकड्यावर जुळवायची म्हणजे नर्व्ह पिळली जात नाही, आणि पहिला टाका. इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. तो एट-झिरोचा एक टाका मारल्यावर दोन टोकं एकत्र राहिली तर ठीक, धागा तुटला किंवा फाडून निघाला तर ताण जास्त आहे असं समजायचं आणि ओढाओढी बंद. जाड धागा आणून जोर लावता येतो, टाका बसतोही, पण ताणलेल्या नर्व्हचं रक्त कमी होतं आणि जोडाच्या जागी व्रण धरतो, त्यातून तंतू पलीकडे जात नाहीत. मुद्दाम इतका कमजोर धागा घ्यायचा की नर्व्हच्या आधी धागा तुटावा, हे ज्यांनी ठरवलं त्यांना माझा नमस्कार.

मग अंतर उरलं तर काय? व्हिएन्नाचे सर्जन हान्नो मिलेसी यांनी १९७० च्या दशकात हेच दाखवलं की ताणून जोडण्यापेक्षा मध्ये दुसऱ्या नर्व्हचा तुकडा बिनताणाचा बसवला तर निकाल चांगला येतो. तो तुकडा बहुतेक वेळा पिंढरीमागच्या सुरल नर्व्हचा घेतात, एका पायातून तीसेक सेंटिमीटर मिळतो, बदल्यात पावलाची बाहेरची कड सुन्न राहते. अंतर लहान असेल, ३ सेंटिमीटरच्या आतलं, आणि नर्व्ह संवेदनेची बारीक असेल तर कोलॅजन नावाच्या प्रथिनाची विरघळणारी नळीही बसवतात, दोन्ही टोकं नळीत आणि तंतू आतून वाढत जातो. नळी महाग पडते, आणि मोठ्या नर्व्हला अजूनही स्वतःच्या शरीरातला तुकडाच भरवशाचा.

हत्यारं धुण्याबद्दल लांबण लावत नाही, नर्सिंगच्या मुली बसल्यात त्यांच्यासाठी एवढंच, मोठ्या हत्यारांच्या ढिगात हा चिमटा कधीच टाकायचा नाही, टोकाला सिलिकॉनची टोपी, आणि स्टीलच्या हत्यारात चुंबकत्व शिरलं तर सुई चिकटून बसते, तेव्हा ते घालवणारा डीमॅग्नेटायझर फिरवून घ्यायचा.

आता आपल्या भागाबद्दल बोलते. कडबाकुट्टीत गेलेला हात, केळीचा घड कापताना बसलेला विळा, संक्रांतीला मांजा, आणि रागाच्या भरात खिडकीच्या काचेवर मारलेला बुक्का, आमच्याकडे येणाऱ्या केसेस या अशा. काचेची जखम बाहेरून दोन सेंटिमीटरची दिसते, आत मनगटाची मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठ्याकडच्या बोटांची, पूर्ण कापलेली असते. एक पोरगा असाच आला, गावात कातडीला टाके घालून घरी पाठवलेला, आठ महिने झालेले, जखम सुरेख भरलेली आणि अंगठ्याखालचा फुगवटा सपाट झालेला. त्याची आई मला म्हणे, "बोटं हालतस नही वं माय." पहिल्याच दिवशी कोणी त्या बोटाला कापसाची वात लावून विचारलं असतं तर चित्र वेगळं असतं, याचा मला आजही राग येतो. स्वच्छ कापलेली नर्व्ह पहिल्या काही दिवसांतच जोडायची असते, नंतर टोकं आक्रसतात आणि अंतर वाढतं. आणि नर्व्ह नसलेला स्नायू वर्ष-दीड वर्षाच्या पुढे बहुधा परत येत नाही, दिवसाला १ मिलिमीटरचा हिशोब तुम्हीच करा, कोपराजवळ कापलेल्याला हातापर्यंत यायला वर्ष लागतं. म्हणून आता जवळची दुसरी नर्व्ह वळवून जोडतात, फ्रान्सचे सर्जन ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये अल्नर, म्हणजे करंगळीकडच्या, नर्व्हची एक जुडी काढून दंडाच्या स्नायूच्या नर्व्हला जोडली, आणि कोपर वाकायला लागलं.

तर गावातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना माझी हात जोडून विनंती, जागा सुन्न करायचं इंजेक्शन द्यायच्या आधी तर्जनीचं टोक, करंगळीचं टोक आणि अंगठ्यामागची जागा कापसाने तपासा, आणि पेशंटला मनगट वर उचलायला सांगा. लहान मूल रडत असेल, सांगू शकत नसेल तर बोटं अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, नर्व्ह गेलेल्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत. त्या बोटाला घामही येत नाही, ते कोरडं लागतं. मात्र घाबरवायचं नाही कोणाला, गाडीवरून पडून दंडाचं हाड मोडलं आणि मनगट लटकलं तर बहुतेकांची रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट वर उचलणारी, फक्त दुखावलेली असते, काही महिन्यांत आपली आपण सुधारते, तिथे चाकू लावायची घाई नको, पण तज्ज्ञांच्या नजरेखाली राहायचं.

ते मागचे दादा विचारतायत, ऑपरेशन झाल्यावर बोट कधी शुद्धीवर येतं. दादा, तीन आठवडे पट्टी, मग फिजिओथेरपी. डॉक्टर जखमेच्या पुढे पुढे बोटाने टकटक करतात, जिथपर्यंत मुंग्या येतात तिथपर्यंत तंतू पोचला असं समजतात, दर भेटीला ती जागा पुढे सरकायला हवी. तोवर बोटाला जाण नसते, त्यामुळे तव्याजवळ, चहाच्या ग्लासला, बिडीला तो हात लावायचा नाही, भाजलेलं कळतच नाही आणि फोड आल्यावर बघतो आपण. रोज रात्री डोळ्यांनी बोटं तपासा, घरातल्या कोणाला तरी दाखवा, आणि मुंग्या सरकत नाहीत असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच या.